खोडरबरावर पहिला ठसा कोरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी ठसा कोरायला साहित्य फार थोडं लागतं आणि जागा तर त्याहूनही कमी. तरीही पहिल्या एक-दोन ठशांनंतर बरेच जण चाकू बाजूला ठेवतात, "आपला हात काही यात बसत नाही" म्हणून. मला हे पटत नाही. नवख्यांचा ठसा बिघडतो तो बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे नाही, तर रबराला न झेपणारं चित्र निवडल्यामुळे. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण या कामातलं निम्मं शिकणं तिथेच आहे.

सुरुवातीला नेमकं काय काय घ्यावं?

एक मोठा पांढरा खोडरबर, टोकदार पात्याचा क्राफ्ट चाकू, २बी किंवा ४बीची मऊ पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, एक स्टॅम्प पॅड आणि छापून बघायला कोरे कागद. खाली ठेवायला कटिंग मॅट असली तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठा. एवढ्यावर कित्येक ठसे होतात. कटरचे संच, हँडल, पंचवीस रंगांच्या शाया हे सगळं नंतर. आधी कोरायला आवडतंय का ते तर कळू दे.

कोणताही खोडरबर चालतो का?

नाही, आणि इथे थोडी पारख हवी. ज्याला आपण खोडरबर म्हणतो त्यातले बरेचसे आज खऱ्या रबराचे नसतातच. ते व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीमध्ये ते मऊ करणारं द्रव्य मिसळून बनवलेले असतात. कोरण्यासाठी नेमके हेच चांगले. त्यांचा पोत आतपर्यंत एकसारखा असतो, पातं सरळ जातं आणि कापलेली कड स्वच्छ राहते.

शाई खोडायचे रबर टाळा, दोन रंगी रबराचं निळं-करडं टोकही टाळा. त्यात वाळूसारखी बारीक कच असते, ती कागद घासून काढण्यासाठी घातलेली असते. पात्याची धार ती बघता बघता घालवते. हातात मळता येणारा चित्रकारांचा रबर आकारच धरत नाही. चुरा पडणारे मऊ गम रबर कडेला तुटत राहतात. जुना, कडक झालेला रबरही नको, तो वाकवला की तडकतो.

दुकानात पारख करायची सोपी रीत: नखाने कड दाबून बघा. दबून परत वर आली तर घ्या, ठिसूळपणे तुकडा पडला तर ठेवून द्या. पृष्ठभाग सपाट आहे ना तेही बघा. कंपनीचं नाव खोलगट उमटवलेलं असेल तर दुसरी बाजू वापरावी लागते.

कोरण्यासाठीचे खास ब्लॉक मिळतात, ते घ्यावेत का?

खोडरबराएवढा आकार अपुरा वाटू लागला की घ्या. हे ब्लॉक गुलाबी, पांढरे, निळे असे वेगवेगळे मिळतात. रंगापेक्षा त्यांच्या चिवटपणात फरक असतो. वाकवल्यावर न तडकणारा, लवचिक ब्लॉक नवख्यांसाठी बरा. काही स्वस्त ब्लॉक ठिसूळ असतात, त्यात बारीक रेघ टिकत नाही.

लिनोलियम ही मात्र वेगळी गोष्ट. जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि मागे तागाचं कापड अशी ती चादर. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात ती जमिनीवर अंथरण्यासाठी काढली आणि पुढे छपाई करणाऱ्या चित्रकारांनी उचलली. ती कडक असते, कापायला जोर लागतो, आणि जोर लागला की पातं निसटण्याची शक्यता वाढते. पहिल्याच दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये.

चाकू चांगला की लिनो कटर?

दोन्हींचं काम वेगळं आहे. लिनो कटरचं टोक व्ही किंवा यू आकाराचं असतं आणि ते एका फटक्यात खाच काढतं. व्ही टोक रेघांसाठी, रुंद यू टोक मोकळी जागा साफ करण्यासाठी. चाकूने प्रत्येक खाचेला दोन काप द्यावे लागतात. काम हळू होतं, पण कड इतकी रेखीव येते की छोट्या ठशांसाठी मी चाकूच सुचवेन. जपानमध्ये खोडरबराचे ठसे कोरण्याची मोठी आवड आहे आणि तिथेही पुष्कळ काम साध्या डिझाइन चाकूनेच होतं. नॅन्सी सेकी (१९६२–२००२) या टीव्हीविषयी लिहिणाऱ्या स्तंभलेखिकेने खोडरबरावर प्रसिद्ध माणसांचे चेहरे कोरून आपल्या लेखांसोबत छापले. खोडरबरासारख्या शाळकरी वस्तूतून किती नेमकी ओळख पटवता येते याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मला चित्र काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल, कारण इथे चित्रकलेपेक्षा निवड महत्त्वाची. ठशात जे कापलं ते पांढरं राहतं आणि जे उरलं ते छापलं जातं. मधल्या छटा नाहीत. म्हणून पेन्सिलीचं सुंदर रेखाटन ठशासाठी बहुधा निरुपयोगी ठरतं आणि एखादी ढोबळ, काळीभोर आकृती झकास उमटते.

नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी गोष्ट अशी: एखादं बाह्यरेषेचं चित्र घ्यायचं, जसं वहीत काढतो तसं, आणि ती रेषा उरवायचा प्रयत्न करायचा. आता विचार करा. बारीक रेषा उरवायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं रबर काढायचं, आणि मध्ये पातळ भिंत उभी ठेवायची. जरा हात हलला की भिंत तुटते. हे पुढच्या टप्प्याचं काम आहे.

उलट करा. पानाचा भरीव आकार ठेवा आणि शिरा कापून काढा. कापलेली रेघ थोडी जाड-बारीक झाली तरी डोळ्याला खटकत नाही, कारण खरं पानही तसंच असतं. मासा घ्या: भरीव अंग, कापलेले खवले. पक्षी, ढग, किल्ली, पिसं, छत्री, डोंगर, सगळ्यांना ही युक्ती लागू पडते. चित्र निवडलं की काळ्या जाड मार्करने कागदावर भरून बघा. मार्करला जे तपशील जमत नाहीत ते पहिल्या ठशात नकोत. आणि एखादी जागा तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान उरत असेल तर ती सरळ गाळा.

चित्र रबरावर कसं उतरवायचं? ते उलटं होतं ना?

ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, जो भाग उरवायचा तो गडद भरा. मग कागद पालथा घालून रबरावर ठेवा, एका हाताने घट्ट धरा आणि मागून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासा. कोपरा उचलून बघा, फिकं आलं असेल तर पुन्हा घासा. व्हिनाइलवर पेन्सिल चटकन उतरते.

रबरावर चित्र उलटं दिसेल. दिसायलाच हवं. छापताना ते पुन्हा पालटतं आणि कागदावर सुलट येतं. रबरावर थेट पेनाने काढलंत तर मात्र छाप उलटी येईल. फुलाला त्याने काही बिघडत नाही, अक्षरांना बिघडतं.

पेन्सिल बोटांनी पुसली जाते, म्हणून उतरवल्यावर बारीक कायमच्या पेनाने महत्त्वाच्या रेघा गिरवून घ्या. आणखी एक सवय लावून घेण्यासारखी: चित्र उतरवण्याआधी रबराच्या तोंडावर फिक्या रंगाच्या पॅडचा हलका थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग कोरताना जिथे पातं गेलं तिथे पांढरं दिसतं आणि काय कापलं, काय राहिलं हे शोधत बसावं लागत नाही.

प्रिंटरवर काढलेलं चित्र उतरवता येतं का?

लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स असेल तर येतं. कागद पालथा ठेवायचा, अॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने जेमतेम ओला केलेला कापूस मागून दाबायचा, टोनर सुटून रबरावर बसतो. अॅसिटोन व्हिनाइललाही मऊ पाडून बिघडवतो, त्यामुळे कापूस निथळता नको आणि आधी कोपऱ्यात चाचणी हवीच. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. इंकजेटची शाई या रीतीने उतरत नाही.

आणि हो, कॉम्प्युटरवर चित्र आधीच आरशासारखं पालटून ठेवू नका. कागद पालथा घालताना ते आपोआप पालटतं. दोनदा पालटलेलं चित्र शेवटी उलटंच छापलं जातं.

आता प्रत्यक्ष कोरायचं कसं?

चाकू पेन्सिलीसारखा धरा. पातं उभं सरळ न घालता असं कललेलं ठेवा की उरणाऱ्या भागाचा पाया वरच्या तोंडापेक्षा रुंद राहील. म्हणजे पात्याचं टोक आकारापासून बाहेर, दूर जायला हवं. या एका गोष्टीवर ठशाचं आयुष्य ठरतं. टोक आकाराच्या पोटात शिरलं तर कड खालून पोखरली जाते, दाबल्यावर ती वाकते आणि काही छापांनंतर तुटून पडते.

रेघेच्या बाहेरच्या कडेने पहिला काप द्या. मग थोडं अंतर सोडून समोरच्या बाजूने उलट्या कलाने दुसरा काप द्या. दोन्ही काप खाली भेटले की मधली पट्टी अलगद निघून येते. निघत नसेल तर ओढू नका, काप कुठेतरी भेटलेला नाही. पुन्हा पातं फिरवा. ओढलेल्या पट्टीबरोबर नको तो तुकडाही येतो.

वळणावर चाकू फिरवायचा नाही, रबर फिरवायचा. चाकूचा हात एका जागी स्थिर, दुसऱ्या हाताने रबर सावकाश वळवत राहायचं. ही गोष्ट सांगून पटत नाही, करून बघितली की पुन्हा जुन्या पद्धतीकडे जाववत नाही. लिनो कटरलाही हेच लागू.

क्रम म्हणाल तर आतून बाहेर. आधी बारीक तपशील, मग बाह्यरेषा, शेवटी भोवतीची मोठी मोकळी जागा. बाहेरचं रबर जागेवर असेपर्यंत आतल्या नाजूक भागांना त्याचा आधार असतो.

किती खोल कापावं?

रेघांसाठी एक-दोन मिलिमीटर भरपूर. मोठ्या मोकळ्या जागा मात्र त्याहून खोल हव्यात, कारण रबर दाबल्यावर मधोमध कागदाला टेकतो.

गोल ठिपके आणि डोळे नीट येत नाहीत. काय करू?

कापलेला ठिपका हवा असेल तर पात्याचं टोक तिरकं खुपसा आणि रबर पूर्ण एक फेरा फिरवा, शंकूच्या आकाराचा तुकडा बाहेर येतो. किंवा रिकाम्या रिफिलची नळी दाबून फिरवा आणि आतला भाग टोकाने उचला. उरवलेला ठिपका, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा एकटा खांब, कठीण असतो. शक्य तिथे त्याला शेजारच्या भागाला जोडून टाका.

नाव कोरायचं आहे. देवनागरी अक्षरं जमतील का?

देवनागरी ठशाला चांगली साथ देते. शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे शब्द एकसंध राहतो आणि अक्षरं ओळीतून खाली-वर होत नाहीत. शिरोरेषा जरा जाडच ठेवा, तीच कणा आहे. अडचण येते ती सुट्या अनुस्वारात, नुक्त्यात आणि उकार-ऋकाराच्या बारीक शेपटांत. अनुस्वार जरा मोठा काढा आणि जमल्यास शिरोरेषेच्या जवळ आणा. जोडाक्षरं नेहमीपेक्षा मोकळी लिहा, कारण 'क्ष' किंवा 'द्ध' यांच्या आतली चिंचोळी जागा शाईने बुजते.

पहिल्यांदा नावाऐवजी एकच अक्षर करा. म, ग, न, त सोपे आहेत. आणखी सोपं हवं असेल तर चौकोन भरीव ठेवून अक्षर आत कापा, म्हणजे रंगीत चौकोनात पांढरं अक्षर येईल. कोरण्याआधी उतरवलेलं अक्षर आरशात धरून वाचा. आरशात सुलट दिसलं तर कागदावरही सुलट येणार.

बोट कापण्याची भीती वाटते.

काळजी घ्यावी अशीच ती गोष्ट आहे. धरणारा हात कायम पात्याच्या मागे किंवा बाजूला, कधीही समोर नाही. कटर शरीरापासून दूर ढकला. खोडरबर लहान असल्यामुळे बोटं जवळ येतातच, तेव्हा तो दुहेरी टेपने पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पुठ्ठा धरा, फिरवायलाही सोपं पडतं. बोथट पातं जास्त धोक्याचं, कारण त्याला जोर लावावा लागतो. पातं अडकायला लागलं की बदला, आणि जुनं टेपमध्ये गुंडाळून बंद डबीत टाका.

लहान मुलांना चाकू देऊ नका. त्यांना जाड फोमच्या चकतीवर पेन्सिल दाबून चित्र काढू द्या. ती चकती ठोकळ्याला चिकटवली की झाला ठसा, आणि छापायची मजा तीच.

चुकून हवा असलेला भाग कापला गेला. रबर वाया गेला का?

सहसा नाही. तुकडा सापडला तर सायनोअॅक्रिलेट गोंदाच्या (म्हणजे सुपरग्लूच्या) बारीक थेंबाने परत बसतो, जोड मात्र जरा कडक राहतो. अनेकदा चित्रच बदलणं जास्त शहाणपणाचं: तुटलेल्या फांदीवर पान कमी करा, रेघ उडाली तर तशीच दुसऱ्या बाजूलाही कापून नक्षी करा. भरीव आकार आणि कापलेल्या रेघा अशी रचना असेल तर ही सवलत मिळते, पातळ रेषांच्या चित्रात ती नसते. फारच बिघडलं तर रबर उलटा करा, दुसरी बाजू कोरी आहे.

कोणती शाई वापरावी?

कागदासाठी दोन प्रकार पुरतात. डाय शाई पातळ, पटकन वाळणारी, थोडी पारदर्शक. उजेडात ती कालांतराने फिकी पडते. पिगमेंट शाई दाट, रंग भरदार, पण वाळायला वेळ घेते आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर पुसली जाऊ शकते. भरीव आकारांना पिगमेंट शोभते. सॉल्व्हंटवर आधारलेल्या शाया व्हिनाइलला मानवत नाहीत, त्या टाळलेल्या बऱ्या.

ठसा पॅडवर दाबू नका. ठसा हातात तोंड वर करून धरा आणि पॅड त्यावर हलके हलके टिपा. शाई फक्त उंच भागावर बसते, खाचांत उतरत नाही, आणि पॅडपेक्षा मोठा ठसाही भरता येतो.

छाप ठिगळासारखी, मध्येमध्ये पांढरी येते.

नवा रबर असेल तर त्याच्या तोंडावरच्या गुळगुळीत थरावर शाईचे थेंब जमतात. दुसऱ्या खोडरबराने हलकं घासा किंवा चार-सहा छापा रद्दीवर काढा, सुधारतं. तरीही तसंच राहिलं तर दाब बघा. टणक टेबलावर छापताना खाली काही कागदांची गादी ठेवा, ठसा सरळ टेकवा, बोटांनी सगळीकडे सारखं दाबा, डोलवू नका आणि सरळ उचला. मोठ्या ठशाला ही रीत उलटी करा: ठसा तोंड वर करून टेबलावर, त्यावर कागद, आणि वरून तळव्याने घासायचं. खरखरीत कागदावर थोडी पांढरी छटा राहणारच.

मोकळ्या जागेत कटरच्या बारीक रेघा उमटतात. त्या काढाव्यात का?

तुमच्या आवडीवर आहे. मला त्या आवडतात. हाताने कोरल्याची ती खूण आहे, आणि आकाराच्या दिशेने कटर चालवला असेल तर त्या चित्राला गती देतात. नको असतील तर तो भाग आणखी खोल करा आणि रबराचे चारही कोपरे छाटून टाका. नको असलेले डाग बहुधा कोपऱ्यांचे असतात.

दोन रंगांत छापता येईल का?

हो. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे रंगामागे एक ठसा. पहिला ठसा तयार झाला की त्याची छाप ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि ओली असतानाच दुसऱ्या रबरावर पालथी दाबा. दोन्ही ठसे बरोबर एकमेकांवर बसतात. दोन्हींच्या मागे वरच्या दिशेची खूण करा.

दुसरी रीत एकाच रबराची. आधी फिका रंग छापायचा, मग त्याच ठशातलं आणखी कापायचं आणि वर गडद रंग. पाब्लो पिकासो यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियम कोरून केलेल्या छपाईत, ही पद्धत वापरून नावारूपाला आणली. यात मागे फिरता येत नाही, म्हणून पहिल्या रंगाच्या छापा हव्या त्यापेक्षा जास्त काढून ठेवाव्या लागतात.

कापडावर चालेल का?

कापडाची शाई घेतली तर चालेल. नवं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढा, वाळवा, इस्त्री करा. छाप पूर्ण वाळल्यावर इस्त्रीने पक्की करायची, वेळ आणि उष्णता बाटलीवर दिलेली असते. बारीक तपशील विणीत हरवतात, तेव्हा इथेही भरीव आकारच घ्या.

ठसे साफ कसे करायचे आणि ठेवायचे कसे?

काम झाल्याबरोबर ओल्या फडक्याने टिपा, गरज पडल्यास सौम्य साबण. खाचांसाठी मऊ ब्रश. रबरावर रंगाचा डाग राहतो, त्याने छपाईत फरक पडत नाही. थिनर किंवा स्पिरिट लावू नका.

साठवण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग हळहळतात. व्हिनाइल मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरतं. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटून बसलेला पाहिला असेल, तो याच कारणाने. म्हणून प्रत्येक ठसा साध्या कागदात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, उन्हापासून दूर. दोन ठसे तोंडाला तोंड लावून ठेवू नका. कागदावर त्याचीच एक छाप काढली की आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही.

हाताने कोरलेल्या ठशांचं पुढे करायचं काय?

पाकिटं, वहीची मुखपृष्ठं, भेटवस्तूंचे कागद हे आहेच. एकच छोटा ठसा ओळीने छापत गेलात, एक आड एक ओळ अर्ध्या घराने सरकवलीत, की सलग नक्षी तयार होते, आणि साधं त्रिकोणी पानही कागदभर पसरल्यावर वेगळं दिसतं.

भटकायची आवड असेल तर लेटरबॉक्सिंग हा प्रकार जरूर बघा. १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या ठिकाणी एक बाटली ठेवली, तिथवर पोहोचणाऱ्यांनी आपलं कार्ड टाकावं म्हणून. त्यातून पुढे लपवलेल्या डब्या, त्यातली वही आणि ठसा असा खेळ उभा राहिला. १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात त्यावर लेख आल्यावर तो अमेरिकेत पसरला, आणि तिथले खेळणारे डबीतला ठसा बहुधा स्वतःच कोरतात. शोधणारा आपल्या वहीत डबीचा ठसा घेतो आणि डबीच्या वहीत आपला स्वतःचा उमटवतो.

इंटरनेटवर दिसलेलं चित्र कोरलं तर चालतं का?

घरी सराव म्हणून कोरणं वेगळं आणि त्याच्या छापा विकणं वेगळं. विकायचं असेल तर चित्र तुमचं स्वतःचं हवं, किंवा चित्रकाराची परवानगी हवी. प्रसिद्ध कार्टून पात्रं आणि कंपन्यांची चिन्हं विक्रीसाठी अजिबात नकोत. अंगणातलं पान उचलून त्याची कड गिरवलीत तर हा प्रश्नच उरत नाही. आणि कार्यालयांचे, बँकांचे किंवा सरकारी अधिकाऱ्यांचे शिक्के गंमत म्हणूनसुद्धा कोरू नका. तो बनावट शिक्का ठरतो आणि कायद्याने गुन्हा होऊ शकतो.